आधी वर्तुळ, मग धक्का

मी स्थापत्य अभियंता आहे आणि नोकरीची बरीच वर्षं बंदरांच्या कामात गेली आहेत. कोळशाचे, कंटेनरचे, तेलाचे धक्के बांधून झाले होते. दारूगोळा चढवण्या-उतरवण्यासाठीचं लष्करी बंदर मात्र पहिल्यांदाच वाट्याला आलं. जागा कुठली, देश कुठला, हे लिहिणार नाही. अशा कामात ते लिहायचं नसतं, आणि मला जे सांगायचं आहे त्यासाठी त्याची गरजही पडत नाही.

पहिल्या बैठकीला मी नेहमीसारखा आराखडा घेऊन गेले होते. पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा, धक्क्याची लांबी, क्रेनचे रूळ असं सगळं त्यात होतं. आमच्या चमूत स्फोटकांच्या सुरक्षेसाठी एक निवृत्त लष्करी अधिकारी सल्लागार होते. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणायचे. त्यांनी नकाशा नीट पाहिला आणि विचारलं, "मॅडम, एका वेळी या धक्क्यावर स्फोटक किती असेल?"

मी जहाजाची क्षमता सांगितली.

"जहाज किती माल नेतं ते नव्हतं विचारलं. जहाजाच्या पोटात, क्रेनच्या हुकाला, ट्रकवर, मागे उभ्या रेल्वेच्या वाघिणींत, सगळं मिळून आणि लोखंड, खोकी, लाकूड वजा करून निव्वळ स्फोटक किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "मग हा धक्का अजून काढता येणार नाही. आधी तो आकडा येऊ द्या, मग वर्तुळ काढू, आणि वर्तुळ कुठे बसतंय ते बघून धक्का."

पुढचे कित्येक आठवडे त्या एका आकड्यात गेले. 155 मिलिमीटरच्या तोफेचा जुन्या बनावटीचा गोळा घेतला तर वजन 43 किलोच्या आसपास, पण आतलं स्फोटक साधारण 7 किलो. विमानातून टाकायच्या बॉम्बमध्ये हे प्रमाण कितीतरी जास्त असतं. म्हणजे हजार टन माल म्हटला तरी त्याचा अर्थ पेटीत काय आहे त्यावर ठरतो. शिवाय प्रत्येक पेटीचा स्वभाव वेगळा. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात स्फोटकं वर्ग 1 मध्ये येतात आणि त्यांचे 1.1 ते 1.6 असे उपवर्ग आहेत. 1.1 म्हणजे सगळा साठा जवळपास एकाच क्षणी उडतो. 1.2 मध्ये तुकडे लांबवर फेकले जातात, 1.3 मध्ये भीषण आग लागते, आणि 1.4 चा परिणाम बहुतांशी पेटीपुरता राहतो. कुणाशेजारी काय ठेवायचं यासाठी अक्षरांचे गट आहेत, ते आणखी वेगळे. डिटोनेटर, म्हणजे स्फोट सुरू करून देणारा छोटा भाग, आणि मुख्य स्फोटक एकाच खणात शेजारी लावायचं नाही, हे त्या अक्षरांतून कळतं. आमचं बंदर 1.1 साठी आखायचं होतं, म्हणजे सर्वांत वाईट शक्यता धरूनच.

आकडा आल्यावर सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली. अंतर बरोबर एक गुणक गुणिले वजनाचं घनमूळ. स्फोटाचा दाब अंतरासोबत कसा ओसरतो त्याचा हा नियम जगभरच्या सुरक्षा अंतरांच्या तक्त्यांमागे आहे. वस्तीसाठी नाटोच्या नियमावलीत मोठ्या साठ्यांना हा गुणक 22.2 धरतात, वजन किलोत आणि अंतर मीटरमध्ये. 125 टन निव्वळ स्फोटकाला 1110 मीटर, 1000 टनांना 2220 मीटर. धक्क्याभोवती एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि त्यात वस्ती येऊ द्यायची नाही. आठपट स्फोटकाला अंतर दुप्पटच लागतं, हे पाहून बैठकीत काही जणांना हायसं वाटलं. सरांनी तेच उलटं करून दाखवलं. एखादं गाव वर्तुळात येतंय म्हणून अंतर अर्ध्यावर आणायचं ठरवलं तर साठा आठव्या हिश्शावर आणावा लागेल, आणि मग बंदर बांधायचं कशाला हा प्रश्न उभा राहील. घनमूळ दोन्ही बाजूंनी काम करतं, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी पक्कं बसलं.

मला आणखी एक गोष्ट तेव्हा कळली आणि ती आजही अस्वस्थ करते. वर्तुळाच्या रेषेवर उभं असलेलं घर सुरक्षित नसतं. त्या अंतरावर घर कोसळू नये, माणूस दगावण्याची शक्यता कमी राहावी, एवढंच गृहीत धरलेलं आहे. काचा फुटणारच. कॅनडातल्या हॅलिफॅक्सला 6 डिसेंबर 1917 रोजी माँ ब्लाँ हे स्फोटकांनी भरलेलं जहाज दुसऱ्या जहाजाची धडक बसून पेटलं, तेव्हा आग पाहायला लोक घराघरांच्या खिडक्यांशी येऊन उभे राहिले होते. स्फोट झाला आणि त्या काचा डोळ्यांत गेल्या. मृतांची संख्या 1700 च्या वर गेली, आणि डोळ्यांना इजा झालेल्यांची संख्याही हजारांत होती. म्हणूनच काचेच्या उंच इमारती, मोठी रुग्णालयं, शाळा यांच्यासाठी नियमावली दुप्पट अंतर मागते. 1000 टनांना ते 4440 मीटर होतं. नकाशावर हे दुसरं वर्तुळ काढल्यावर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

आमच्यापुढे तीन जागा होत्या. पहिलीला निसर्गानं खोल पाणी दिलं होतं, बंदर बांधणाऱ्याला भुरळ पडावी अशी. पण व्यापारी जहाजांचा मार्ग तिच्या जवळून जात होता आणि समोरच्या किनाऱ्यावर वस्ती होती. अंतर रस्त्यांना आणि लोहमार्गांना लागतं तसं जलमार्गालाही लागतं. तिथे गुणक 14.8, म्हणजे 1000 टनांना 1480 मीटर. तेवढं पाणी मोकळं नव्हतं. दुसऱ्या जागेच्या वर्तुळात एक वीजकेंद्र येत होतं. ती आम्ही चर्चेशिवायच सोडली. सायप्रसमध्ये मारी इथल्या नाविक तळावर जप्त केलेल्या दारूगोळ्याचे 98 कंटेनर उन्हात उघड्यावर ठेवलेले होते. 11 जुलै 2011 रोजी ते उडाले, 13 जण गेले, आणि शेजारचं वासिलिकोस वीजकेंद्र उद्ध्वस्त झाल्यानं बेटाची निम्म्याच्या आसपास वीज गेली. 'तात्पुरतं ठेवू' या शब्दाची मला तेव्हापासून धास्ती आहे.

तिसरी जागा खाडीच्या तोंडाशी, चिखलाची, वस्तीपासून लांब. तिच्यावर माझाच आक्षेप सर्वांत मोठा होता. पाणी उथळ, गाळ सतत येणारा. ड्रेजरनं खोदलेला मार्ग भरतीबरोबर पुन्हा भरत जाणार आणि गाळउपसा कधी संपणार नाही, हे दिसत होतं. मी तो खर्च मांडला. सरांनी वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, "गाळ काढता येतो. गाव काढता येतं का?" मग आम्ही उत्तर वेगळ्या दिशेनं शोधलं. धक्का किनाऱ्याला चिकटवायचा हट्ट सोडला आणि खांबांवरचा लांब पूल काढून तो नैसर्गिक खोल पाण्यापर्यंत नेला. गाळउपसा निम्म्याहून कमी झाला. शिवाय पुलाची सगळी लांबी सुरक्षा अंतरात आयतीच जमा झाली. या कामात मला मनापासून अभिमान वाटतो तो या निर्णयाचा.

तरीही वर्तुळाच्या कडेवर मच्छिमारांची एक वाडी येत होती. थोडीशीच घरं. कुणीतरी म्हणालं, एवढ्याशा घरांना हलवायला काय लागतं. मी वाडीत गेले. एक आजी जाळं विणत ओट्यावर बसल्या होत्या. "तुमचं बंदर आम्हाला दिसणार का गं पोरी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिसेल, पण लांबून. "मग लांबच राहू दे," त्या म्हणाल्या. पुढचे दोन महिने आम्ही पुलाचा कोन फिरवला, दुसऱ्या धक्क्याची जागा सरकवली, एका धक्क्यावरची कमाल मर्यादा कमी केली आणि वाडी रेषेच्या बाहेर काढली. खूप बाहेर नाही. मासेमारीच्या होड्यांना जहाज लागलेलं असताना कुठवर येता येईल, ते त्यांच्याबरोबर बसून ठरवलं आणि तिथे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, टाकले. त्यांच्या काही चांगल्या जागा गेल्या. भरपाई मिळाली तरी ते नुकसान खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही.

सर्वांत कठीण गोष्ट मात्र पुढेच होती. 1000 टनांचं वस्तीचं वर्तुळ क्षेत्रफळात सुमारे 15.5 चौरस किलोमीटर भरतं. त्यातलं पाणी सोडलं तरी जी जमीन उरते तिच्यावर काहीही बांधायचं नाही. कागदावर हिरवा रंग दिला की ते सोपं दिसतं. प्रत्यक्षात दर बैठकीला कुणीतरी त्या हिरव्या रंगाकडे बोट दाखवायचं. इथे कर्मचाऱ्यांची घरं बसतील, इथे प्रशिक्षण केंद्र, इथे निदान एक उपाहारगृह. मोकळी जमीन लोकांना वाया गेलेली वाटते. मी पोर्ट शिकागोची गोष्ट सांगायला लागले. कॅलिफोर्नियातल्या त्या धक्क्यावर 17 जुलै 1944 च्या रात्री ई. ए. ब्रायन आणि क्विनॉल्ट व्हिक्टरी ही दोन जहाजं एकाच धक्क्याच्या दोन बाजूंना लागलेली होती, आणि धक्क्यावर दारूगोळ्याच्या वाघिणीही उभ्या होत्या. 320 माणसं गेली, त्यांतली सुमारे दोन तृतीयांश कृष्णवर्णीय सैनिक होती. गाव सुमारे अडीच किलोमीटरवर होतं, तिथेही घरांची मोडतोड झाली. बंदर तिथेच चालू राहिलं, आणि अखेर 1968 मध्ये सरकारनं ते सगळं गाव विकत घेऊन पाडलं. जे अंतर आधी ठेवलं नाही, ते गाव पुसून मिळवावं लागलं. त्याउलट नॉर्थ कॅरोलायनातलं सनी पॉइंट हे 1955 पासून चालू असलेलं लष्करी बंदर जंगलात आहे. त्याचे धक्के एकमेकांपासून दूर आहेत आणि नदीपलीकडची जमीनसुद्धा सुरक्षा पट्टा म्हणून राखलेली आहे.

आम्ही सुरक्षा पट्टा जमिनीच्या नोंदीतच बंधन म्हणून चढवून घेतला, कारण आमच्यानंतर येणाऱ्या अधिकाऱ्यांना वर्तुळाची आठवण राहीलच याची खात्री नव्हती. प्रकल्पातलं सर्वांत महत्त्वाचं बांधकाम कुठलं असं कुणी विचारलं, तर मी त्या मोकळ्या जमिनीकडे बोट दाखवते.

धक्क्यांची आखणी त्यानंतर भराभर झाली. दोन धक्के, एकावर स्फोट झाला तर दुसऱ्यावरचं जहाज उडू नये इतक्या अंतरावर. 1947 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास सिटीला 16 एप्रिलच्या सकाळी ग्रँडकँप जहाजातलं अमोनियम नायट्रेट उडालं. जवळच्या हाय फ्लायर जहाजातही तेच रसायन होतं. ते बाहेर ओढून काढता आलं नाही आणि त्याच रात्री एकच्या सुमारास तेही उडालं. म्हणून आमच्याकडे जहाज लावतानाच त्याचं तोंड समुद्राकडे करून लावतात, आणि पुढे-मागे पोलादी दोर पाण्याजवळ सोडून ठेवतात. जहाजावर माणूस नसला तरी टगला, म्हणजे ओढणाऱ्या बोटीला, तो दोर पकडून जहाज ओढता यावं.

जमिनीच्या बाजूला ट्रक आणि वाघिणी थांबायच्या जागा आहेत. दोन जागांमध्ये मातीचे बांध. या बांधांबद्दल बराच गैरसमज असतो. ते खाली-खाली सुसाट येणारे तुकडे अडवतात आणि शेजारचा साठा उडण्यापासून वाचवतात. लांबवर जाणारी दाबाची लाट त्यांनी थांबत नाही, ती बांधावरून पलीकडे जाते. त्यामुळे बांध घातला म्हणून वस्तीचं अंतर कमी करा, ही मागणी आली तेव्हा ती मान्य केली नाही. फाटकाजवळ तपासणीची जागा ठेवली, आणि ज्या गाडीबद्दल शंका आहे ती नेऊन उभी करण्यासाठी सगळ्यांपासून दूर एक वेगळी जागा. तिथे माणूस थांबत नाही.

बांधकाम सुरू झालं आणि नेहमीची कामं नेहमीसारखी चालली. पाइल, कॅप, बीम, स्लॅब. धक्क्यावर लाकूड वापरायचं नाही, आग लागेल असं काहीही नाही. ज्यावर बारीक लक्ष ठेवावं लागलं ते विजेचं काम होतं. आकाशातली वीज, घर्षणानं साठणारी वीज आणि रेडिओ लहरी, तिन्ही इथे शत्रू. विजेवर पेटणाऱ्या डिटोनेटरला जवळच्या शक्तिशाली ट्रान्समीटरमुळेही प्रवाह मिळू शकतो, म्हणून जहाजाचं रडार, रेडिओ, खिशातला मोबाइल, सगळ्यांना नियम आहेत. धक्क्याभोवती उंच खांब आणि त्यांच्यावर ताणलेल्या तारा आहेत, वीज पडली तर त्यांच्यावर पडावी म्हणून. खालच्या स्लॅबमधली प्रत्येक सळी, रूळ, कुंपण, क्रेन एकमेकांना जोडून जमिनीत उतरवलेलं.

याच कामात आमच्याकडून चूक झाली. चाचणीत एका भागातला विद्युत जोड तुटक निघाला. काँक्रीट ओतायच्या आधी सळ्यांचे जोड तपासल्याच्या सह्या कागदावर होत्या, त्यांत माझीही होती. त्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला पाइलच्या कामावर होते आणि दुसऱ्यानं तपासलं आहे असं समजून सही केली होती. ठेकेदाराचं म्हणणं होतं की वरून एक जादा तार टाकली की भागेल. मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "उकरा," एवढंच म्हणाले. आम्ही तयार स्लॅब फोडली, जोड पुन्हा केले, पुन्हा ओतली. काम मागे पडलं. त्यानंतर मी स्वतः पाहिल्याशिवाय एकही सही केली नाही, आणि हाताखालच्या मुलांनाही करू दिली नाही.

अग्निशमनाच्या आखणीत एक प्रश्न मला झोपू देत नसे. आग कुठवर विझवायची आणि कधी सोडून पळायचं? 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजात आग लागली. स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या एकाच जहाजात होत्या. आग दुपारी दोनच्या सुमारास लक्षात आली, पहिला स्फोट चार वाजून सहा मिनिटांनी झाला. मधल्या वेळात जहाज बुडवायचं की बाहेर न्यायचं, याचा निर्णय कुणी घेतला नाही. आगीशी झुंजणारे 66 अग्निशमन जवान गेले. ते दोन तास मी वारंवार डोळ्यांसमोर आणले. आमच्या नियमपुस्तकात त्यामुळे एक पान असं आहे, ज्यावर निर्णय कोण घेईल त्याचं पद लिहिलेलं आहे, आणि तो नसेल तर कोण, आणि तोही नसेल तर कोण. आग मालापासून दूर असेल तर लगेच आणि भरपूर पाण्यानं विझवायची. पंप माणसाविना दुरून सुरू होतात. ज्वाळा स्फोटकांना भिडल्या की भोंगा, आणि सगळ्यांनी निघायचं. त्या क्षणी पाणी मारत थांबणं हा पराक्रम मानायचा नाही, असं आम्ही प्रशिक्षणात स्पष्ट सांगतो. मला वाटतं, त्या 66 जणांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

बांधून झाल्यावर वाळू भरलेल्या नकली गोळ्यांवर सराव सुरू झाला. पहिल्या आठवड्यात कुणीतरी उत्साहानं धक्क्यावर फळा लावला, कुठल्या तुकडीनं तासाला किती टन चढवलं ते लिहायला. सरांनी तो स्वतः उतरवला. पोर्ट शिकागोला असाच फळा होता, अधिकारी तुकड्यांवर पैजा लावत, आणि माल हाताळणाऱ्यांना धड प्रशिक्षण नव्हतं. "वेग मोजायचा असेल तर एकच मोजा," ते म्हणाले, "जहाज दोर सोडून धक्क्यापासून किती वेळात सुटतं ते." मग आम्ही तेच केलं. दिवसा, रात्री, ओहोटीला, उलट्या वाऱ्यात. पहिल्यांदा एक दोर बोलार्डमध्ये, म्हणजे धक्क्यावरच्या दोर बांधायच्या खुंट्यात, अडकला. त्या जागी हिसक्यासरशी सुटणारे हूक बसवले आणि पुन्हा सराव केला. ओहोटीच्या वेळी अजूनही थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून पाण्याची एक पातळी ठरवली आहे. तिच्याखाली पाणी गेलं की माल चढवणं थांबतं.

पहिलं खरं जहाज आलं त्या दिवशी मला वाटलं होतं की मी धक्क्यावर असेन. यादीत माझं नाव नव्हतं. स्फोटकांच्या कामाचा मूळ नियमच तसा आहे. कमीत कमी माणसं, कमीत कमी माल, कमीत कमी वेळ. धक्क्यावर माझं काही काम नव्हतं, म्हणजे मी तिथे असता कामा नये. ज्या यादीनुसार मला वगळलं होतं तिचा मसुदा मीच टाइप केला होता.

मी वाडीच्या बाजूला, रेषेच्या बाहेर, बांधावर जाऊन उभी राहिले. जहाजावर दिवसभर लाल बावटा होता, 'धोकादायक माल' सांगणारा. इतक्या लांबून तो नखाएवढा दिसत होता. क्रेनचा हात हलतो की नाही तेही कळत नव्हतं. मधली सगळी जमीन रिकामी होती, गवत वाढलेलं, त्यात बगळे. अंधार पडल्यावर बावटा उतरला आणि त्या जागी लाल दिवा लागला. आजी ओट्यावरून उठून आल्या, डोळ्यांवर हात धरून त्यांनी तिकडे पाहिलं आणि विचारलं, "तेच का?"

"तेच," मी म्हटलं.

आम्ही दोघी थोडा वेळ तिथेच उभ्या होतो. मग त्या जाळं आत घ्यायला गेल्या.